पाच नको

त्या शनिवारी दुपारी बाबा घरच्यांच्या वाट्याला आले ते फक्त गुडघ्यापर्यंत. उरलेले बाबा गाडीखाली होते. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढवली होती. चारही चाकं जमिनीपासून हातभर वर होती, आणि गाडी पुढून-मागून एका पातळीत आहे याची त्यांनी पाणसळ लावून खात्री करून घेतली होती. पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना फिटरच म्हणत. पातळी बघितल्याशिवाय हे खुर्चीवरसुद्धा बसत नाहीत, असं आई म्हणायची.

थोरली दाराशी स्टुलावर बसली होती. तिच्या मांडीवर दोन पुस्तकं होती. वर गाडीचं जुनं माहितीपुस्तक आणि खाली तिचं स्वतःचं. बाबा खालून विचारत, अमुक बोल्ट किती घट्ट, तमुक वॉशर कुठला, आणि ती पान काढून वाचून सांगे. त्यांना ते सगळं तोंडपाठ होतं. पण लेक वयाच्या दहाव्या वर्षापासून हे काम करत आली होती, आणि ती अडतीस वर्षांची झाली म्हणून ते बंद करायचं काही कारण त्यांना दिसत नव्हतं.

"आधी वरचा," गाडीखालून आवाज आला.

गिअरबॉक्सला दोन बोल्ट असतात. एक बाजूला, जरा वर, तेल भरायचा. दुसरा तळाला, तेल काढायचा. बाबांचा नियम असा की आधी भरायचा सोडायचा आणि मगच काढायचा. वरचा गंजून बसला असला आणि तुम्ही उत्साहाच्या भरात खालचा आधी सोडलात, तर पेटी रिकामी आणि भरायला वाट नाही. मग बसा बोंबलत.

हे तुम्ही दर दोन वर्षांनी सांगता, असं ती म्हणाली. त्यावर तेलही मी दर दोन वर्षांनीच बदलतो, असं उत्तर आलं.

दोन्ही बोल्ट निघाले. काळंतपकिरी तेल जाड धार धरून ट्रेमध्ये पडायला लागलं आणि शेडभर तो वास पसरला. विझलेल्या आगकाडीचा, गंधकाचा, जरा कुजका. आईला तो मुळीच खपत नसे. गिअर ऑइलच्या दिवशी बाबांचे कपडे वेगळे भिजत आणि बाबाही जवळजवळ वेगळेच भिजवले जात. थोरलीला मात्र तो वास आवडायचा. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण असलं काही आवडणारी ती जगात एकटीच असावी असा तिचा अंदाज होता.

नवं तेल तिने सकाळीच आणून दिलं होतं, आणि ते आणायला सांगितलं होतं चिठ्ठीने. बाबांना काही सांगायचं असलं की ते लिहून देत. पंपाच्या घरघराटात तोंडाने बोलून उपयोग नसतो. तिथे सगळे एकमेकांना कागदाचे कपटे दाखवत. चौतीस वर्षांची ती सवय घरीही आली होती. मिठाच्या बरणीवर चिकटवलेलं 'संपत आलं'. बाथरूमच्या नळावर 'हळू'. एकदा आई रुसून बोलेनाशी झाली तेव्हा तिच्या चष्म्याच्या डबीत 'चूक माझी' निघालं होतं. ते तिने अजून जपून ठेवलं होतं, पुरावा म्हणून.

तर सकाळी त्यांनी चार बोटांएवढी चिठ्ठी थोरलीच्या हातात दिली होती. तिने ती घेतली, आणि जो कागद हाती येईल त्याचं ती जे करायची तेच केलं. वाचत होती त्या पुस्तकात खूण म्हणून घातली. पुस्तक पलंगावर राहिलं. दुकानाच्या काउंटरवर पोचल्यावर तिला ते आठवलं. दुकानदार चहाला गेला होता, त्याची सून होती. तिने विचारलं, चार नंबरचं देऊ की पाच? थोरलीने क्षणभर विचार केला आणि पाच म्हणाली. पाच हा चारपेक्षा मोठा अंक आहे, आणि बाबांच्या गाडीसाठी तिला चांगल्यातलंच हवं होतं.

संध्याकाळी हात पुसत बाबा बाहेर आले तेव्हा त्यांनी फळीवरचा डबा उचलला. चष्मा कपाळावर होता, तो खाली घ्यायच्या भानगडीत न पडता डबा हातभर लांब धरून बघितला.

"काय पुस्तकराव, चिठ्ठी वाचली होतीस ना?"

"हो," ती म्हणाली.

"मग झालं. रात्रभर निथळू दे. उद्या भरू."

ती छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करत होती. दिवसभर डोळ्यांत तेल घालून लोकांच्या चुका काढते, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तिने काही वाचलं म्हटलं की ते पुन्हा बघायची त्यांना गरज वाटत नसे. जेवताना त्यांनी आईच्या ताटातली लोणच्याची फोड पळवली. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. आईने बघून न बघितल्यासारखं केलं. असा तो दिवस.

रविवारी सकाळी थोरली खिडकीशी मुद्रितं घेऊन बसली होती. आई न्हात होती. बाबा खिडकीवरून गेले. हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यातून डब्याचं लाल झाकण वर आलं होतं. आलोच, म्हणाले. तिचं बोट ओळीवर होतं. ओळ सुटली असती म्हणून तिने मान न उचलता हुंकार भरला.

तासाभराने फोन आला. बाबा बसथांब्याच्या बाकावर बसलेले सापडले होते. नीट, पाठ टेकून, पिशवी पायांशी ठेवून.

*

आईने स्वतःसाठी एक गोष्ट तयार केली, आणि ती येईल त्याला सांगायला लागली.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि बाबा कंटाळा करायचे. आई त्यांना सकाळी अक्षरशः घराबाहेर काढायची. त्या रविवारीही न्हायला जाता जाता तिने बजावलं होतं की मी बाहेर येईन तेव्हा तुम्ही मला घरात दिसता कामा नये. "तसंच झालं बघा," ती म्हणायची. "मीच हाकलायचे हो त्यांना. एक दिवस नसते गेले तर काय बिघडलं असतं?"

आलेली माणसं म्हणत, असं मनाला लावून घेऊ नका. आणि थोरली चहा टाकायला उठायची.

सुरुवातीला तीही फिरायलाच गेले होते म्हणाली होती. दवाखान्यात कुणीतरी विचारलं तेव्हा तेच तोंडातून बाहेर पडलं, सोपं होतं म्हणून. लाल झाकण तिला आठवत होतं, पण त्याचा अर्थ लावायला ती थांबली नव्हती. दोन आठवड्यांनी तिने पलंगावरचं पुस्तक उघडलं आणि खुणेची चिठ्ठी खाली पडली. बाबांचं उभं, ठसठशीत अक्षर:

'गिअर ऑइल. जीएल ४. पावणेदोन लि. पाच नको.'

'नको'खाली दोन रेघा होत्या.

म्हणजे रात्री केव्हातरी किंवा सकाळी उठल्यावर त्यांनी चष्मा लावला होता. डबा पाहिला होता. आणि तो बदलून आणायला ते उन्हातून नटबोल्टच्या दुकानाकडे निघाले होते. बसथांबा त्याच रस्त्यावर होता. बागेकडे, जिथे आई त्यांना हाकलायची, तो रस्ता बरोब्बर उलट्या दिशेला जात होता. आईच्या हे लक्षात कसं आलं नाही? आलं नव्हतं खरं. ज्याला स्वतःलाच दोष द्यायचा असतो तो रस्ते तपासत बसत नाही.

थोरली चिठ्ठी घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. आई पाठमोरी पोळ्या लाटत होती. थोरली परत फिरली. उद्या, असं तिने ठरवलं. मग पुढच्या रविवारी. असे पाच महिने गेले. या पाच महिन्यांत आईने ती गोष्ट निदान चाळीस जणांना सांगितली. दर वेळी थोरलीने चहा टाकला. चहाही चांगला होत नव्हता.

दवाखान्यातून कपड्यांबरोबर आलेली पिशवी आईने न उघडता शेडमधल्या खुंटीला लावून ठेवली होती. थोरलीही तिकडे फिरकली नव्हती. गाडी चार घोड्यांवर तशीच होती, तिच्या पोटाखाली तेलाचा ट्रे, त्यावर धुळीची साय.

*

मग एका गुरुवारी आईने जेवताना जाहीर केलं की ती गाडी चालवणार आहे.

तिच्याकडे लायसन्स होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी काढलेलं, वेळोवेळी नवं केलेलं, कपाटात प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवलेलं. बाबांनीच तिला शिकवलं होतं. पण ती चालवायला बसली की बाबा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबायचे आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिचा गिअर चुकायचा, म्हणून तिने तो नाद सोडला होता. आता शेजारी कुणी नाही, म्हणाली. हे ती हसून म्हणाली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. थोरलीने ताटातून वर बघितलं.

दूर नोकरीच्या गावी असलेल्या धाकट्या मुलाचं मत गाडी विकून टाकावी असं पडलं होतं. आईने त्याला फोनवर विचारलं की तुला पोहता येतं म्हणून आम्ही कधी विहीर विकली का? त्याला या बोलण्याचा अर्थ लागला नाही आणि तिथेच तो विषय संपला. मावशीचं घर चाळीस मैलांवर होतं. बस बदलत जायला अर्धा दिवस जायचा. येत्या रविवारी आई स्वतः जाणार होती. शेजारचे पोस्टमास्तर सकाळी दहाला येऊन गाडी घोड्यांवरून उतरवून, चालू करून देणार होते.

"चालू करायची नाही," थोरली म्हणाली. "गिअरबॉक्समध्ये तेल नाहीये. थेंबभरसुद्धा नाही. तशी चालवली तर आतले दात उडतील."

"मग घाल."

"मी?"

"नाही, पोस्टमास्तर घालतील, तिकीट चिकटवून," आई म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं दारात बसून वाचून दाखवत होतीस ना? का नुसतीच पानं उलटत होतीस?"

थोरलीला हसू आलं आणि त्याच वेळी कुणी तोंडात मारल्यासारखंही झालं. तेल घालायचं म्हणजे पिशवी उघडायची, चुकीचा डबा बाहेर काढायचा, बरोबर आणायचा, आणि आई विचारेल हा दुसरा कुठून आला. तोंडातला घास गिळून तिने विचार केला, बरं झालं. आता पळवाट उरली नाही.

शुक्रवारी कामावरून आल्यावर ती शेडमध्ये गेली. खुंटीवरची पिशवी उचलली तर ती अपेक्षेपेक्षा जड लागली. तिने ती कामाच्या टेबलावर ठेवून उघडली.

आत दोन डबे होते.

लाल झाकणाचा तिचा, पाच नंबरचा. आणि निळ्या झाकणाचा, त्याहून मोठा. तिने तो उजेडात नेला आणि वाचला, नावापासून तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत, जणू उद्या तो छापायला जायचा होता. जीएल ४. दोन लिटर. सील अजून तसंच.

म्हणजे ते जाताना नव्हे, परत येताना बाकावर बसले होते. काम उरकून. तिला त्याने बरं वाटायला हवं होतं की वाईट, तेच कळेना. आणि बदलून घेतला असेल तर तिचा डबा पिशवीत का?

*

दुकानदाराला नटबोल्ट हे नाव बाबांनीच ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं होतं की आता पाटीवरही होतं. थोरली पाच महिने त्या दुकानावरून जायची वेळ आली की पलीकडच्या फुटपाथवर जायची. शनिवारी ती आत शिरली. काउंटरवर तोच होता. त्याने तिला बघितलं, हातातला पाना खाली ठेवला आणि स्टूल पुढे सरकवलं.

तिने आधी तांब्याचे वॉशर मागितले, चार, कारण जुने पुन्हा वापरायचे नसतात. ते हातात पडल्यावर जे विचारायचं होतं ते विचारलं. बाबा त्या दिवशी इथे आले होते का?

आले होते म्हणजे काय, तो म्हणाला, तू बसलीयस तिथेच बसले होते. दुकान उघडत होतो तेवढ्यात हजर. लाल डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, बदलून दे. त्याने तिथल्या तिथे सुनेवर आवाज चढवला, कारण फिटरच्या गाडीला काय लागतं हे या दुकानातल्या मांजरालाही माहीत होतं. पाच नंबरचं तेल तिखट. त्यात दाब सोसायची औषधं जास्त घातलेली असतात. पण जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या असतात ना, गिअर पडताना दोन दातेरी चाकांचा वेग जुळवणाऱ्या, त्या पितळेला ते हळूहळू खातं. आज कळत नाही. दोन वर्षांनी गिअर कुरकुरायला लागतात.

"तर मी सुनेला बोलत होतो आणि फिटर हसत होते," नटबोल्ट म्हणाला. "म्हणाले, तिला कशाला बोलतोस, माझ्या लेकीने मागितलं तेच तिने दिलं. माझी लेक जगातलं सगळं वाचते रे, फक्त डब्यावरचं वाचत नाही."

थोरली वॉशर बोटात घालून फिरवत राहिली.

"मग मी निळा डबा काढला आणि लाल आत घ्यायला लागलो, तर त्यांनी माझ्या हातातून परत घेतला. म्हणाले, राहू दे. मागच्या आसाला हेच लागतं." त्याने तिच्याकडे बघितलं, समजलं की नाही ते तपासायला. "तुमची गाडी जुन्या पद्धतीची, ताकद मागच्या चाकांना. पुढे गिअरबॉक्स, त्याला चार. मागच्या आसाच्या गोळ्यात दातांवर प्रचंड ताण, तिथे पाचच हवं. तिथलं तेल त्यांना पुढच्या वर्षी बदलायचं होतं. म्हणाले, यंदाच बदलतो. लेकीने आणलंय ते गाडीत गेलंच पाहिजे. आणि तिला सांगायचं नाही हं, म्हणाले, की चुकलं होतं. मी म्हटलं, नाही सांगत." तो थांबला. "आता सांगितलंच की."

तिने विचारलं, दमल्यासारखे दिसत होते का?

 अर्धा तास बसले, तो म्हणाला. चहा घेतला, माझाही अर्धा घेतला. जाताना दोन्ही डबे पिशवीत. मी म्हटलं, जड आहे, दुपारी घरी पोचवतो. ऐकतील तर फिटर कसले. "रोज वाटतं मला, हातातून पिशवी ओढून घ्यायला हवी होती. बायको म्हणते, तू ओढली असतीस तर त्यांनी तुझ्या डोक्यात घातली असती."

ती हसली. मग तिला जाणवलं की हा माणूसही पाच महिने एक पिशवी उचलतोय. आई एक, हा एक, ती एक. आणि जिची ती पिशवी खरोखर होती तिने अजून तोंड उघडलं नव्हतं.

*

रविवारी सकाळी सात वाजता थोरली बाबांचा निळा डगला घालून गाडीखाली शिरली. डगल्याच्या बाह्या चार घड्या घालूनही लांब होत होत्या. आई स्टुलावर बसली, मांडीवर माहितीपुस्तक घेऊन. पोस्टमास्तरांना दहा वाजले की यायचं होतं, आणि ते पावणेदहालाच येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

गाडीखालून दुनिया वेगळी दिसत होती. आईचे फक्त पाय. त्यांच्या टाचा भेगाळलेल्या आहेत हे थोरलीला आज कळलं.

बाबांनी दोन्ही बोल्ट स्वच्छ पुसून फडक्यात बांधून ट्रेच्या शेजारी ठेवले होते. तळाच्या बोल्टला आतून चुंबक असतो. त्यावर चिकटलेला लोखंडाचा बारीक कीस त्यांनी आधीच काढला होता. तिने नवा वॉशर घातला, बोल्ट हाताने फिरवून बसवला, मग पान्याने आवळला. आई वाचून सांगत होती तेवढाच, त्याहून अर्धाही वेढा जास्त नाही. हे आई फार मोठ्याने वाचत होती, बातम्या देतात तसं.

मग पंप. हातपंपाची एक नळी डब्यात, दुसरी गिअरबॉक्सच्या वरच्या भोकात. आईने निळा डबा पायांत धरला आणि दांडा खालीवर करायला लागली. तेल चढायला लागलं, नवं, पारदर्शक, पिवळसर.

"कळणार कसं भरलं ते?" आईने विचारलं.

"काठाला आलं की बाहेर येतं. तेवढंच हवं असतं त्याला. जास्त घेतच नाही ते."

"तुझ्या वडिलांपेक्षा शहाणं आहे," आई म्हणाली.

पावणेदोन लिटर होत आले तसं थोरलीने नळी काढून भोकात करंगळी घातली. आत थंड, गुळगुळीत, काठाशी टेकलेलं तेल. मग एक थेंब काठावरून ओघळून तिच्या मनगटावर आला. तिने बोल्ट बसवला. डगल्यात, केसांत, सगळीकडे तो वास. आई नाक मुरडेल म्हणून ती वाट बघत होती.  उलट वरून एक मोठा श्वास आत घेतल्याचा आवाज आला, आणि तो आईने जरा जास्तच वेळ आत धरून ठेवला.

थोरली पाठीवरच घसरत मागच्या आसाकडे गेली. तिथेही दोन बोल्ट. तिने पाना लावला तो वरच्याला. तो हलेना. दोन्ही पाय चाकाला टेकवून ओढल्यावर करकरला आणि सुटला. मग खालचा. जुनं तेल ट्रेमध्ये पडत राहिलं आणि आईने स्टूल मागे आणलं. धार बारीक झाली, थेंबांवर आली. थेंबही थांबत आले तसा थोरलीने खालचा बोल्ट लावला.

"आता टेबलावरचा लाल डबा घे," ती म्हणाली.

आईने घेतला. पंपाची नळी त्यात सोडली. दांडा दोन-तीनदा खालीवर झाला आणि आवाज बंद पडला.

"हा दुसरा कशाला गं? हे एकदम दोन तेलं कधी आणायचे नाहीत. आणि ही त्यांची त्या दिवशीची पिशवी ना? फिरायला जाताना डबे घेऊन कोण जातं?"

गाडीच्या पोटाखाली लाल झाकण दिसत नव्हतं. दिसत होते फक्त आईचे पाय, एकमेकांना टेकलेले. थोरलीने नळीचं टोक भोकात धरलं होतं, ते सोडता येत नव्हतं, आणि उठून चहाही टाकता येत नव्हता.

"तू दांडा मारत राहा," ती म्हणाली. "मी सांगते. पण दांडा मारत राहा."

दांडा खाली गेला. तेल चढायला लागलं, तिने आणलेलं.

"आई, त्या दिवशी बाबा फिरायला गेले नव्हते. तू हाकललंस म्हणून गेले नव्हते. बागेचा रस्ता तिकडे नाहीच. ते नटबोल्टकडे गेले होते, कारण मी चुकीचं तेल आणलं होतं. त्यांनी चिठ्ठी दिली होती, पाच नको म्हणून, खाली दोन रेघा मारून, आणि ती मी न वाचता पुस्तकात घातली. संध्याकाळी त्यांनी विचारलं, वाचलीस ना, तर मी हो म्हणाले."

दांडा थांबला. मग पुन्हा सुरू झाला, हळू.

"पुढे," वरून आईचा आवाज आला.

"जाताना त्यांच्या हातात डबा मला दिसला होता आणि मी मान वर केली नाही. आणि नंतर पाच महिने तू सगळ्यांना सांगत राहिलीस की मीच हाकललं, आणि मी चहा करत राहिले. ते चुकलं माझं. तेलापेक्षा ते जास्त चुकलं. तू कुणाला हाकललं नव्हतंस, आई. आणि हा जो डबा तुझ्या हातात आहे ना, तो त्यांनी परतच केला नाही. लेकीने आणलंय ते गाडीत गेलंच पाहिजे, म्हणाले. चूक माझी होती. मी चिठ्ठी वाचली नव्हती."